सेवेचे तास आणि नागरिकत्वाचे धडे

अंबरनाथ पूर्वेला शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजेच इ.स. १०६०, हा काल नोंदविलेला आहे. मंदिराला लागूनच वालधुनी नदी वाहते. अंबरनाथ, उल्हासनगर असा प्रवास करीत ती कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. औद्योगिक सांडपाणी आणि घरगुती मैला यांमुळे या नदीची अवस्था गेली अनेक वर्षे नाल्यासारखी झाली आहे. एखाद्या रविवारी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी येथे येऊन काठावरचा कचरा गोळा केला, तर ती निश्चितच समाजसेवा ठरेल. परंतु हा कचरा कोठून येतो, पाण्याला रंग आणि दर्प कशामुळे येतो, नदीची जबाबदारी कोणत्या यंत्रणेवर आहे, हे प्रश्न घेऊन ते वर्गात परतले, त्यांची उत्तरे शोधू लागले आणि पुन्हा नदीकाठी आले, तर त्या सेवेला शिक्षणाचे रूप येते. शिक्षणशास्त्रात याला ‘सेवाधारित शिक्षण’ म्हणतात. विद्यार्थ्याची नागरी जाणीव घडविण्यात या दोहोंतील फरक महत्त्वाचा ठरतो.

संकल्पनेचा उगम

सेवाधारित शिक्षण ही संज्ञा अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. अनुभवातून शिक्षण हा जॉन ड्युई यांचा विचार तिच्या मुळाशी होता. केवळ मदतकार्य म्हणजे सेवाधारित शिक्षण नव्हे आणि केवळ क्षेत्रभेट म्हणजेही नव्हे. समाजाची खरी गरज, अभ्यासक्रमातील ज्ञान आणि केलेल्या कामावरचे चिंतन हे तीन धागे एकत्र विणले जाणे त्यात अपेक्षित असते.

भारतात ही संज्ञा उशिरा आली, विचार मात्र जुना आहे. मुंबईत १९३६ साली सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर विद्यालयात, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, वस्तीतील प्रत्यक्ष काम हा शिक्षणाचा भाग होता. मात्र तो समाजकार्याच्या विद्यार्थ्यांपुरता मर्यादित होता. वाणिज्य, विज्ञान वा कला शाखेच्या सर्वसामान्य विद्यार्थ्याला समाजाशी कसे जोडावे, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर पुढे आला.

सक्तीची की स्वेच्छेची?

डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने विद्यार्थ्यांच्या स्वेच्छेवर आधारित राष्ट्रीय सेवेचा पुरस्कार केला होता. पुढे १९५९ मध्ये डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. विद्यापीठात प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीने राष्ट्रीय सेवा करावी, अशी शिफारस या समितीने केली. खर्च आणि अंमलबजावणी यांच्या अडचणींमुळे ती प्रत्यक्षात आली नाही. त्यानंतर प्रा. के. जी. सैयदैन यांनी निरनिराळ्या देशांतील योजनांचा अभ्यास करून राष्ट्रीय सेवा ऐच्छिक असावी, असा अभिप्राय दिला. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगानेही शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेचा आग्रह धरला.

या मंथनातून महात्मा गांधी यांच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना अस्तित्वात आली. तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत तिचा आरंभ केला. त्या वेळी सुमारे चाळीस हजार विद्यार्थी तीत सहभागी झाले होते. आज ही संख्या लाखोंच्या घरात गेली आहे. ‘माझ्यासाठी नव्हे, तर तुमच्यासाठी’ हे योजनेचे ब्रीद असून कोणार्कच्या सूर्यमंदिरातील रथचक्र हे तिचे बोधचिन्ह आहे.

योजनेचे स्वरूप

योजनेत सहभागी झालेल्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास, म्हणजे दरवर्षी १२० तास, काम करणे अपेक्षित असते. याशिवाय सात दिवसांचे निवासी विशेष शिबिर असते. महाराष्ट्रात ते ‘श्रमसंस्कार शिबिर’ या नावाने ओळखले जाते. सकाळी प्रभातफेरी व श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र, सायंकाळी गटचर्चा आणि रात्री सांस्कृतिक कार्यक्रम असा त्याचा साधारण दिनक्रम असतो. वनराई बंधारे, शोषखड्डे, वृक्षलागवड, आरोग्य सर्वेक्षण, पथनाट्य अशी कामे त्यात केली जातात. प्रत्येक एककाची धुरा कार्यक्रम अधिकारी म्हणून नेमलेल्या प्राध्यापकाकडे असते. १९७२च्या दुष्काळाची झळ ताजी असताना, १९७३ मध्ये, शिबिरांसाठी ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ हा विषय निवडण्यात आला होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

योजनेच्या उद्दिष्टांचा क्रम मुद्दाम पाहण्यासारखा आहे. ज्या समाजात काम करायचे तो समाज समजून घेणे, हे पहिले उद्दिष्ट आहे. त्या समाजाच्या संदर्भात स्वतःला ओळखणे, हे दुसरे. समाजाच्या गरजा हेरून त्या सोडविण्यात त्यालाच सहभागी करून घेणे आणि नागरी जबाबदारीची जाणीव वाढविणे ही उद्दिष्टे त्यानंतर येतात. म्हणजे कुदळ-फावडे हाती घेण्याआधी डोळे आणि कान उघडे ठेवावेत, अशीच योजनेची मूळ कल्पना आहे.

अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर हा भाग मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. या विद्यापीठात राष्ट्रीय सेवा योजनेबरोबरच आजीवन अध्ययन व विस्तार विभागाचेही उपक्रम चालतात. विहित तास पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांना दहा वाढीव गुण देण्याची प्रथा विद्यापीठात रुजली. या गुणांमुळे अनेकांची पावले सेवेकडे वळली. काहींची पावले मात्र गुणांपाशीच थांबली, हेही मान्य करावे लागेल.

संशोधन काय सांगते?

सेवेमुळे विद्यार्थ्यांचा नागरी दृष्टिकोन खरोखर बदलतो काय, याचा कसून अभ्यास प्रामुख्याने अमेरिकेत झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संकुलात अलेक्झांडर ॲस्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २२ हजारांहून अधिक पदवी विद्यार्थ्यांची माहिती तपासून २००० साली अहवाल प्रसिद्ध केला. सेवेत भाग घेतलेल्या विद्यार्थ्यांमध्ये सामाजिक मूल्ये, नेतृत्व, आत्मविश्वास आणि पुढेही सेवा करण्याची इच्छा या बाबतींत अनुकूल फरक आढळला. अभ्यासविषयाशी जोडलेल्या सेवेचा लाभ, विशेषतः शैक्षणिक बाबतींत, सुट्या सेवेपेक्षा अधिक होता. अनुभव फलदायी ठरण्यात दोन गोष्टींचा वाटा मोठा होता : विद्यार्थ्याला विषयात असलेली गोडी आणि प्राध्यापकांनी वर्गात त्या अनुभवावर घडवून आणलेली चर्चा.

क्रिस्टीन सेलिओ, जोसेफ ड्युरलाक व ॲलिसन डिमनिकी यांनी २०११ मध्ये ६२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात ११ हजार ८३७ विद्यार्थ्यांचा समावेश होता. नागरी सहभाग, सामाजिक कौशल्ये आणि अभ्यासातील प्रगती या साऱ्यांत सुधारणा दिसून आली. अभ्यासक्रमाशी सांगड, निर्णयात विद्यार्थ्यांचा आवाज, समाजाचा सहभाग आणि चिंतन ही पथ्ये पाळणाऱ्या उपक्रमांचे परिणाम अधिक चांगले होते.

या निष्कर्षांना दुसरी बाजूही आहे. स्वेच्छेने सेवेकडे वळणारा विद्यार्थी मुळातच समाजाभिमुख असू शकतो. त्यामुळे दिसणाऱ्या बदलाचे सारे श्रेय उपक्रमाला देता येत नाही. आर्थर स्टुकास, मार्क स्नायडर व गिल क्लेरी यांच्या १९९९ मधील संशोधनात असे आढळले, की ज्यांना सेवा आपल्यावर लादली गेली असे वाटते, त्यांची पुढे स्वेच्छेने काम करण्याची इच्छा सक्तीमुळे कमी होऊ शकते. देशमुख समिती आणि सैयदैन यांच्या शिफारशींमधील जुना वाद येथे पुन्हा समोर येतो.

नागरिक कोणत्या प्रकारचा?

जोएल वेस्टहायमर व जोसेफ काहने या अभ्यासकांनी २००४ मध्ये एक मूलभूत प्रश्न मांडला. चांगला नागरिक घडवायचा म्हणजे नेमका कोणता? त्यांनी तीन प्रकार सांगितले : वैयक्तिक पातळीवर जबाबदार, सार्वजनिक कामात सहभागी होणारा आणि अन्यायाची कारणे शोधणारा.

वालधुनीच्या काठी हे तिन्ही प्रकार सहज समजतात. पहिला नागरिक नदीत कचरा टाकत नाही आणि पडलेला उचलतो. दुसरा शेजाऱ्यांना एकत्र करून स्वच्छता मोहीम उभारतो. तिसरा विचारतो, की काठ पुनःपुन्हा का भरतो? सांडपाण्यावर प्रक्रिया होते काय? रासायनिक द्रव्ये प्रवाहात येतात कोठून? हा प्रश्न पुस्तकी नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनीच्या पात्रात सोडलेल्या रसायनामुळे विषारी वायू पसरला आणि शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाबाबत ‘वनशक्ती’ या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. नदी वाचविण्यासाठी झाडू जितका लागतो, तितकीच कागदपत्रे, पाण्याच्या नमुन्यांची नोंद आणि कायद्याची माहितीही लागते.

सेवाधारित शिक्षणाची खरी कसोटी येथे आहे. रसायनशास्त्राचा विद्यार्थी पाण्यातील विरघळलेला प्राणवायू मोजू शकतो. भूगोलाचा विद्यार्थी नाल्यांचा नकाशा काढू शकतो. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी पालिकेच्या अर्थसंकल्पातील तरतूद आणि खर्च यांचा ताळा घालू शकतो. राज्यशास्त्राचा विद्यार्थी नगरपरिषद, महानगरपालिका, औद्योगिक विकास महामंडळ आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्या अधिकारांची विभागणी समजून घेऊ शकतो. प्रत्येकाची पदवी वेगळी असली, तरी नदी एकच असते.

आपल्या गावाची अनोळख

या पट्ट्यातील विद्यार्थीजीवनाचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावे लागते. उल्हासनगरात चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी व आर. के. तलरेजा ही महाविद्यालये आहेत, तर बदलापुरात आदर्श महाविद्यालय आहे. तरीही येथील अनेक तरुण रोज लोकलने कल्याण, डोंबिवली, ठाणे वा मुंबई गाठतात. पहाटे घर सोडणारा आणि अंधारात परतणारा विद्यार्थी ज्या शहरात राहतो, त्याला तो फारसा ओळखत नाही. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उल्हासनगर कसे उभे राहिले, आयुध निर्माणीमुळे अंबरनाथचे रूप कसे बदलले, परिसरातील डोंगरउतारांवरच्या ठाकूर व कातकरी पाड्यांना पाणी कोठून मिळते, हे त्याला ठाऊक असतेच असे नाही. अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने सेवेचे तास ही आपल्याच गावाशी ओळख करून घेण्याची संधी असते.

आपत्तीच्या वेळी या ओळखीचे मोल कळते. २६ जुलै २००५च्या महापुराने या भागाला मोठा तडाखा दिला. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर ते वांगणी दरम्यान अडकली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल व नौदल यांनी सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका केली आणि परिसरातील ग्रामस्थही मदतीला धावले. कोणती वस्ती सखल आहे, कोणत्या घरात वृद्ध एकटे राहतात, उंचावरची शाळा कोणती, ही माहिती पूर आल्यावर गोळा करता येत नाही. ती आधीच असावी लागते.

परिणामकारकतेच्या अटी

उपलब्ध संशोधन आणि योजनेचा अनुभव यांवरून काही अटी स्पष्ट होतात. पहिली अट पूर्वतयारीची. वस्तीत जाण्याआधी विद्यार्थ्याने तिचा इतिहास आणि प्रश्न अभ्यासावेत. दुसरी सातत्याची. दरवर्षी नवे गाव दत्तक घेण्यापेक्षा त्याच गावात काही वर्षे काम झाले, तर बंधाऱ्यात पाणी टिकले की नाही, लावलेली रोपे जगली की नाही, हे समजते. तिसरी अट परस्परतेची. गावकरी हे केवळ उपकार घेणारे नसून शिकविणारेही आहेत, ही भूमिका नसेल, तर सेवेतून अहंकार वाढतो. गरीब आपल्या दोषांमुळेच गरीब आहेत, हा समजही अशा अपुऱ्या भेटींतून अधिक घट्ट होऊ शकतो. चौथी अट चिंतनाची. दैनंदिनीत ‘स्वच्छता केली, चार तास’ एवढीच नोंद राहिली, तर तास पुरे होतात आणि शिकणे अपुरे राहते. काय पाहिले, कशाने अस्वस्थ झालो, कोणते मत बदलले, हे लिहिण्याची आणि बोलण्याची सवय लागली पाहिजे.

पाचवी अट नागरी साधनांच्या ओळखीची. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार अर्ज कसा करावा, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार कोणती सेवा किती दिवसांत मिळाली पाहिजे, मतदार यादीत नाव कसे नोंदवावे, हे स्वयंसेवकाला स्वतः करून पाहता येते. २०२२ पासून मतदार नोंदणीसाठी जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांची पहिली तारीख अशा वर्षाला चार अर्हता तारखा ठरविण्यात आल्या आहेत. वस्तीतल्या एखाद्या आजीचा अर्ज भरून देताना विद्यार्थी शासनव्यवस्थेविषयी जे शिकतो, ते व्याख्यानातून क्वचितच मिळते.

श्रेयांकांचा काळ

विद्यापीठ अनुदान आयोगाने सामाजिक उत्तरदायित्व आणि सामुदायिक सहभागासाठी दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सुचविला असून त्यात वर्गातील चर्चा आणि प्रत्यक्ष क्षेत्रकार्य यांना समान वाटा दिला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ला अनुसरून महाराष्ट्रात आखलेल्या पदवीच्या चौकटीतही क्षेत्र प्रकल्प, सामुदायिक सहभाग आणि राष्ट्रीय सेवा योजनेसारख्या सहअभ्यासक्रमांना श्रेयांक मिळू लागले आहेत. सेवा अभ्यासाच्या परिघावरून केंद्राकडे सरकत आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु श्रेयांकांमुळे सेवेला प्रतिष्ठा येते, तशी सक्तीची छटाही येते. एका प्राध्यापकाकडे शेकडो विद्यार्थी, अपुरा निधी आणि परीक्षांचे ओझे असताना चर्चा व चिंतन यांनाच पहिली कात्री लागण्याचा धोका आहे. विद्यार्थ्याला कामाचा विषय निवडण्याची मोकळीक आणि प्राध्यापकाला पुरेसा वेळ, एवढे जरी लाभले, तरी हा धोका बराच कमी होईल.

सेवेचे तास मोजणे सोपे असते, त्यातून घडलेला नागरिक मोजणे अवघड. वालधुनीकाठी एक सकाळ घालविलेला विद्यार्थी पाच वर्षांनी करदाता आणि कदाचित एखाद्या कारखान्यातील अधिकारी झालेला असेल. तेव्हा सांडपाण्याच्या प्रश्नावर तो काय भूमिका घेतो, यावरच त्या सकाळचे खरे मूल्यमापन होणार आहे.