भाकरी, बाळसे आणि माप

लढाया, तह आणि राजवटी यांच्या इतिहासाला आपल्याकडे तोटा नाही. नगरच्या भुईकोट किल्ल्याची कथा तर इथल्या शाळकरी पोरासही ठाऊक असते. परंतु या जिल्ह्यातील माणसाच्या शरीराचा इतिहास, म्हणजे तो किती राबत होता, किती खात होता आणि त्याच्या लेकरांच्या अंगी बाळसे धरत होते की नाही याचा इतिहास, क्वचितच कोणी सांगतो. तो सांगण्याचा अल्पसा प्रयत्न आम्ही येथे करणार आहोत. ही कथा मुख्यतः मापांची आहे. माप कोणी घेतले आणि कशासाठी घेतले, हाच तिच्यातला खरा प्रश्न होय.

पहिले माप दुष्काळाने आणले. १८७६-७७ साली दख्खनवर जो भीषण दुष्काळ कोसळला त्यात नगर जिल्हाही होरपळून निघाला. सरकारने दुष्काळी कामे काढली. दौंडहून नगरमार्गे मनमाडला जाणारा लोहमार्ग, जो १८७८ साली सुरू झाला, तो याच काळात उपाशी माणसांच्या हातांनी उभा राहिला. आज त्या मार्गाने प्रवास करणाऱ्यास रुळांखालच्या भरावाचा इतिहास कोण सांगणार?

या कामांवरच्या मजुरास द्यावे किती, असा प्रश्न निघाला. हिंदुस्थान सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांचे म्हणणे असे पडले की, धडधाकट मजुराला दिवसाकाठी एक पौंड धान्य आणि वर थोडीशी रोकड एवढे पुरेसे आहे. जानेवारी १८७७ मध्ये मुंबई इलाख्यातही मजुरी याच मापाने उतरवण्यात आली. बाईची मजुरी त्याहून कमी ठरली. पुष्कळ मजुरांनी कामे सोडून आपला निषेध कृतीने नोंदवला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारपाशी त्यांची बाजू मांडली. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी तर वैद्यकाच्या आधारे टेंपलसाहेबांशी वाद घातला, आणि पुढे मद्रासेत शिधा वाढवावा लागला.

आजच्या शरीरशास्त्राच्या हिशेबाने पाहिले तर एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्यातून सोळाशेच्या आसपास कॅलरी उष्मा मिळतो. खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या पुरुषाला तीन हजारांहून अधिक कॅलरी लागतात. मधली तूट शरीर कोठून भरून काढते? आधी चरबीतून आणि मग स्नायूंतून. म्हणजे मजूर आपले अंगच जाळून मजुरी करीत होता. टेंपलसाहेबांना मोजता येत नव्हते असे मुळीच नाही. त्यांना पैसा मोजायचा होता, माणूस नव्हे, इतकेच.

पुढे शंभर वर्षे होत आली आणि १९७२ चा दुष्काळ उभा ठाकला. आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांना तो तांबडा मिलो, ती सुकडी आणि ते खडी फोडण्याचे आवाज अजून विसरता आलेले नाहीत. परंतु या वेळी जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बीडच्या सीमेलगतच्या जामखेड तालुक्यात, एक निराळेच माप रुजू लागले होते.

डॉ. रजनीकांत आरोळे हे याच जिल्ह्यात वाढलेले. त्यांच्या पत्नी डॉ. मेबल या जन्माने जबलपूरच्या. दोघांनीही वेल्लोरला वैद्यकीचे शिक्षण घेतले आणि वडाळ्याच्या मिशन इस्पितळात काम केले. तेथे एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. औषधाने बरे होऊन घरी गेलेले मूल त्याच दुखण्याने पुन्हा दारात येई. कारण घरातले पाणी तेच आणि ताटातली भाकरीही तेवढीच. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन हे दांपत्य १९७० साली जामखेडला आले आणि गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या पडक्या इमारतीत त्यांनी आपले काम मांडले.

डॉक्टर आला म्हणून गाव त्याचे ऐकतेच असे नाही. आरोळ्यांनी गावोगाव तरुणांना व्हॉलीबॉल खेळायला बोलावले. खेळात चेंडूला जात नसते. त्या मैदानांतूनच शेतकरी मंडळे उभी राहिली. दुष्काळात कूपनलिका खणण्याची वेळ आली तेव्हा त्या दलित वस्तीत घ्याव्यात असा आग्रह धरला गेला. पाणी हवे तर तेथे जाणे आले! प्रारंभी गावात परिचारिका ठेवून पाहिल्या. पण परक्या गावात एकट्या तरुण मुलीचा निभाव लागेना. मग गावातल्याच, बहुधा निरक्षर आणि पुष्कळदा दलित, अशा वयस्क बायांना निवडून शिक्षण देण्यात आले. मुलाला तराजूत घालणे, वजन नोंदवणे, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी पाजणे, बाळंतिणीचे पहिले चिकाचे दूध फेकू न देणे, ही विद्या त्यांनी घरोघर नेली. सुकटी झालेल्या मुलाला नजर लागली, बाहेरचे झाले, असे म्हणणाऱ्या सासूला गावचीच बाई तराजू दाखवू लागली.

याच सुमारास मूल मोजण्याच्या साध्या रीती जगभर पुढे येत होत्या. डेव्हिड मोर्ले यांनी नायजेरियातील खेड्यांत मुलांच्या वाढीचा आलेख आईच्या हाती दिला होता. दुसरी रीत दंडाच्या घेराची. मूल एक वर्षाचे झाल्यावर पाच वर्षांचे होईपर्यंत त्याच्या दंडाचा घेर फारसा बदलत नाही. अंगची चरबी उतरते, पण तिची जागा स्नायू आणि हाड भरून काढतात. उपासमार झाली की स्नायू झिजतो आणि दंड लगेच बारीक होतो. म्हणून ज्या गावात जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसे तेथेही हे माप खोटे बोलत नाही. चार सेंटिमीटर व्यासाची बांगडी मुलाच्या कोपरावरून सहज वर सरकली तर दंड साडेबारा सेंटिमीटरांच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे, हे अक्षरशत्रू आईलाही कळते.

जामखेडचे फळ काय? प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९९३ पर्यंत हा आकडा १९ वर आला. कोणी म्हणेल, या काळात सर्वत्रच बालमृत्यू घटले. ही शंका रास्त आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. प्रकल्पातली गावे आणि शेजारची इतर गावे यांची त्यात तुलना आहे. पाच वर्षांखालील मुलाच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे तीस टक्क्यांनी कमी आढळला. आकडा पहिल्याइतका डोळे दिपवणारा नाही, पण तो शेजाऱ्याशी ताडून घेतलेला आहे. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली आणि रजनीकांत २०११ साली निवर्तले.

या कथेला शेजारच्या पुणे जिल्ह्याने एक अध्याय जोडला. १९९३ पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास केला. तेथील बाळे सरासरी पावणेतीन किलोंच्या आतबाहेर, तर इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोंच्या घरात. नवल असे की, आपल्या बाळांचे स्नायू कमी असले तरी चरबी मात्र त्या मानाने टिकून होती, आणि पुढच्या मधुमेहाचे बीज तेथे असावे असा संशोधकांचा कयास आहे. त्याच अभ्यासात दुसरी गोष्ट दिसली. शेतात आणि घरात जास्त कष्ट उपसणाऱ्या गर्भवतींची बाळे वजनाने लहान होती. ज्या आयांच्या खाण्यात पालेभाजी, फळे, दूध अधिक, त्यांची बाळे थोराड होती.

येथे आमच्या मनात १८७७ चा हिशेब पुन्हा जागा होतो. बाईला मजुरी कमी, कारण तिचे पोट लहान, असे तेव्हा गृहीत होते. त्या पोटात दुसरा जीव असेल, हे मापात धरलेच नव्हते. दोन हंडे डोक्यावर घेऊन येणारी सातव्या महिन्याची सून आजही कोठे दिसली, तर तो हिशेब अजून मिटलेला नाही असेच म्हणावे लागेल.

व्यायामाची थोरवी आपण मुलांना सांगतो, आणि ती सांगावीच. पण तालमीतला जोर आणि बांधावरचे कष्ट यांत एक भेद आहे: तालमीतून आलेल्याला दूध वाट पाहत असते. शरीर श्रमाने बळावते ते अन्न आणि विश्रांती पाठीशी असेल तरच; नाहीतर तेच श्रम शरीराला खातात.

एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली आणि पुढे तराजू गावोगावच्या अंगणवाडीत पोहोचला. नोंदवहीत वजने भरली जातात. श्रोत्यांना आमची विनंती एवढीच की, आपल्या गावच्या अंगणवाडीत एकदा जावे, वही उघडून पाहावी, आणि ज्या मुलाचे वजन तीन महिने हललेले नाही त्याच्या घरी चूल दोन्ही वेळा पेटते का, याची चौकशी करावी. टेंपलसाहेबांपाशीही आकडे होते. जामखेडच्या बाया आकडा लिहून त्या घरी जात असत.