‘वामन’ आणि महाडचा तह

मराठी विज्ञानसाहित्यात सत्तेच्या दिशेने पावले टाकणारा खलनायक शोधायचा झाल्यास डॉ. जयंत नारळीकर यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीकडे प्रथम बोट दाखवावे लागते. एका लुप्त, अतिप्रगत संस्कृतीचा ठेवा खोल उत्खननात हाती लागतो, त्यातील माहितीच्या आधारे शास्त्रज्ञ वामन नावाचा यंत्रमानव घडवतात, आणि त्याचा खरा आवाका ध्यानी येईपर्यंत उशीर होऊ लागतो. नावातच पुराणकथेचा संकेत आहे. बळीराजाने तीन पावले जमीन आपण होऊन दिली होती. या कादंबरीतला वामनही कोणाची सत्ता बळकावून उभा राहिलेला नसतो. त्याला घडवणारी माणसे बुद्धिमान असतात आणि आपण घडवलेली वस्तू आपल्या मुठीत राहील, अशी त्यांची खात्री असते.

अशाच खात्रीचा एक ऐतिहासिक प्रयोग रायगड जिल्ह्यातील महाड येथे १७९६ साली झाला. महाड म्हटले की २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आठवतो आणि तेच योग्य आहे. त्याच्या खूप आधी मात्र याच गावातून पेशवाईचा शेवटचा धनी ठरवला गेला, याची आठवण फारशी कोणी ठेवलेली नाही.

सवाई माधवराव पेशवे २७ ऑक्टोबर १७९५ रोजी निपुत्रिक मरण पावले. गादीवरचा जवळचा हक्क रघुनाथरावांचे पुत्र बाजीराव यांचा होता. परंतु नाना फडणविसांनी ज्यांच्याविरुद्ध आयुष्य वेचले, त्या रघुनाथरावांचाच हा मुलगा. जन्म १७७५ चा, वाढ नजरकैदेतली. नानांनी त्याला टाळण्याचे उपाय शोधले. तेव्हा बाजीरावाने दौलतराव शिंदे यांचे कारभारी बाळोबा तात्या पागनीस यांच्याशी संधान बांधले. पुढे बाळोबा आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनी मिळून बाजीरावालाही बाजूस सारले आणि १७९६ च्या उन्हाळ्यात त्याचा धाकटा भाऊ चिमाजीअप्पा यास पेशवेपदी बसवले. बाजीराव शिंद्यांच्या छावणीत अडकला आणि पुणे सोडलेले नाना वाईहून घाट उतरून महाडास आले.

ठिकाण विचारपूर्वक निवडलेले होते. वरच्या बाजूला प्रतापगड, पाठीशी रायगड, आणि समोर सावित्री नदीचा बाणकोटपर्यंतचा जलमार्ग. बाणकोट १७५६ पासून इंग्रजांच्या ताब्यात होते. देशावरून येणाऱ्या फौजेची एक वाट पार घाटाने पोलादपूरच्या अंगास उतरत असे. आज पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणाऱ्या प्रवाशाला हा भूगोल गाडीच्या खिडकीतूनही समजू शकतो. नानांनी प्रतापगडावर शिबंदी ठेवली, रायगडाचा बंदोबस्त केला आणि चौपन्नाव्या वर्षी, सत्ताहीन अवस्थेत, लेखणी हाती घेतली.

बाजीरावाच्या वतीने बाळोजी कुंजर गुप्तपणे महाडला आला आणि दोघा जुन्या वैऱ्यांची गाठ जुळली. पुढील काही महिन्यांत जे घडले त्याला मुत्सद्देगिरी म्हणावे की लिलाव, हा प्रश्नच आहे. तुकोजी होळकर वळवले गेले. नागपूरकर भोसल्यांना मुलूख आणि पैसा कबूल झाला. कोल्हापूरकरांना परशुरामभाऊंच्या जहागिरीवर उठवण्यात आले. दौलतराव शिंदे यांना त्यांच्याच कारभाऱ्याविरुद्ध फिरवण्यासाठी अहमदनगरचा किल्ला, परशुरामभाऊंची जहागीर आणि दहा लाखांचा मुलूख देऊ करण्यात आला. सर्वात मोठी किंमत निजामाला मिळाली. ११ मार्च १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईनंतर त्याच्याकडून घेतलेला प्रदेश परत करण्याचे आणि खंडणीची बाकी सोडण्याचे वचन ८ ऑक्टोबर १७९६ च्या महाडच्या तहाने दिले गेले. खर्डा हे नानांच्या कारकिर्दीतील सर्वात उजळ यश. ते त्यांनीच दोन वर्षांच्या आत, जो मुलगा गादीवर नको होता त्याच्यासाठी, परत केले.

२७ ऑक्टोबरला दौलतरावांनी बाळोबांना कैद केले. परशुरामभाऊही लवकरच हाती लागले. बाजीरावाकडून लेखी हमी घेतल्यावाचून पुण्यात पाऊल टाकण्यास नाना तयार नव्हते. ती मिळाली, आणि डिसेंबर १७९६ मध्ये दुसरा बाजीराव पेशवा झाला. निजामाशी झालेला करार पाळण्यास त्याने पुढे नकार दिला. ३१ डिसेंबर १७९७ रोजी शिंद्यांच्या छावणीत भेटीसाठी गेलेल्या नानांना शिंद्यांच्या चाकरीतील युरोपीय अधिकारी मायकेल फिलोज याने, सुरक्षिततेचा शब्द दिलेला असताना, पकडले. त्यांची रवानगी झाली ती अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यात. महाडच्या सौद्यात नानांनी देऊ केलेला तो हाच किल्ला.

येथे नारळीकरांच्याच दुसऱ्या एका कृतीचा उल्लेख आवश्यक ठरतो. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जाऊन पोहोचतात, जेथे विश्वासरावांना पानिपतावर गोळी लागलेली नाही आणि मराठे विजयी झाले आहेत. अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात या कथेचे इंग्रजी रूप समाविष्ट झाल्याने ती महाराष्ट्राबाहेरही वाचली गेली. त्या जगात दादासाहेब, म्हणजेच रघुनाथराव, राजकारणातून कायमचे बाजूला पडतात. साहजिकच तेथे दुसरा बाजीरावही नाही आणि महाडचा तहही नाही. एका गोळीच्या नेमाने खलनायक पुसून टाकण्याची ही सोय विज्ञानकथेत आहे. नारळीकरांचे २० मे २०२५ रोजी निधन झाले. या कथेइतकी ‘वामन’ची चर्चा मात्र झाली नाही. ती व्हायला हवी होती.

दुसरा बाजीराव खरोखर खलनायक होता काय, यावर मराठी साहित्यात एकमत नाही. लोकांनी त्याला ‘पळपुटा’ ठरवले, तर ना. सं. इनामदारांनी ‘मंत्रावेगळा’मध्ये त्याच्याकडे सहानुभूतीने पाहिले. १७९६ चे कागद एवढेच दाखवतात, की एकवीस वर्षांच्या या कैद्याकडे वचने देण्यापलीकडे फारसे बळ नव्हते. फौजा, मुलूख, तह आणि डोके दुसऱ्यांचे होते. पुण्यातील १७९८ ची लूट आणि १८०१ मध्ये विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी देण्याची आज्ञा या गोष्टी त्याच्याकडे सत्ता आल्यानंतरच्या आहेत.

नाना १३ मार्च १८०० रोजी वारले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, आणि बाजीराव सिंहगडमार्गे कोकणात उतरला. त्याचा मुक्काम पडला तो महाडलाच. तेथून त्याने मुंबईकर इंग्रजांकडे मदत मागितली, सुवर्णदुर्ग गाठला आणि वसईस पोहोचला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी तेथे त्याने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारणारा तह केला. १० मे १८१८ रोजी रायगड इंग्रजांच्या हाती गेला तेव्हा गडावर त्याची पत्नी वाराणसीबाई होती.