अवतरणचिन्हांची कुळकथा

प्राथमिक शाळेत मुलांना विरामचिन्हांची ओळख होते, तेव्हा पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह त्यांच्या अंगवळणी लवकर पडतात. अवतरणचिन्हापाशी मात्र लेखणी अडखळते. चिन्ह उघडले जाते, पण मिटायचे राहून जाते. परीक्षेत त्याचा अर्धा गुण जातो, एवढेच त्याचे महत्त्व आहे असे पालकांनाही वाटते. पुढील वाक्य पाहावे : आई म्हणाली मारिया झोपली आहे. यात झोपले कोण?

आई म्हणाली, “मारिया झोपली आहे.”
“आई”, म्हणाली मारिया, “झोपली आहे.”

शब्द तेच, त्यांचा क्रमही तोच. पण पहिल्या वाक्यात लेक झोपली आहे आणि दुसऱ्यात आई. बोल कोणाचे आणि ते कोठून कोठवर, हे सांगण्याचे काम या इवल्या चिन्हांकडे आहे.

आपल्या पूर्वजांनी हे काम शब्दांकडून करून घेतले. संस्कृतात बोलणे संपले की ‘इति’ येतो. मराठीत ‘असे’ आणि ‘म्हणून’ हे शब्द तीच कामगिरी बजावतात. ‘येतो म्हणून सांगितले’ असे आपण आजही बोलतो. तेराव्या शतकातील म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ संवादांनी भरलेले आहे. तेथे बोलणारा कोण, हे ‘म्हणीतले’ या क्रियापदावरून ओळखायचे. मोडी लिपीत तर दोन शब्दांमध्येही अंतर सोडीत नसत. गोव्यात राचोल येथे १६१६ साली छापल्या गेलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ने ओवीचा मार्ग पत्करला. ओवी कानांनी ऐकायची. वाचणाऱ्याचा आवाजच तेथे विरामचिन्हाचे काम करी.

युरोपात या चिन्हाचा उगम मात्र थेट धर्मग्रंथांपाशी पोहोचतो. प्राचीन ग्रीक विद्वान लक्षणीय ओळीशेजारी, समासात, बाणाच्या टोकासारखी एक खूण करीत. तिला ‘डिप्ले’ म्हणत. इ. स. ६३६ मध्ये निवर्तलेले सेव्हिलचे बिशप संत इसिदोर यांनी आपल्या ज्ञानकोशात या खुणेची नोंद केली आहे. धर्माचार्यांच्या ग्रंथांत पवित्र शास्त्रातील वचने वेगळी दिसावीत म्हणून आपले लेखनिक ही खूण वापरतात, असा त्या नोंदीचा आशय आहे. म्हणजे देवाचे वचन कोणते आणि भाष्यकाराचे शब्द कोणते, यांची गल्लत होऊ नये, ही काळजी या चिन्हाच्या मुळाशी आहे. पुढे सोळाव्या शतकातील मुद्रकांनी त्या खुणेच्या जागी समासात स्वल्पविरामांच्या जोड्या बसविल्या. अठराव्या शतकात कादंबरीतील संवादांसाठी ही चिन्हे समास सोडून ओळीच्या आत स्थिरावली.

मराठीत ती एकोणिसाव्या शतकात छापखान्याबरोबर आणि इंग्रजी वळणाच्या शालेय पुस्तकांबरोबर रुळली. या कामी मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) यांचे नाव प्रथम घेतले जाते. मोल्सवर्थ यांच्या कोशकार्यातील हे सहकारी. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० साली प्रसिद्ध झाली. आज आपली मुले वहीत जी चिन्हे गिरवतात, त्यांची मराठीतील वाट या पुस्तकातून गेली आहे.

हे चिन्ह कोठे मिटावे, हा प्रश्न थोरामोठ्यांनाही सुटलेला नाही. नव्या कराराच्या मूळ ग्रीक हस्तलिखितांत अवतरणचिन्हे नव्हती. योहानकृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू येशू निकदेमाशी बोलतो. हे बोलणे पंधराव्या ओवीशी संपते की एकविसाव्या, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘न्यू इंटरनॅशनल व्हर्जन’ या इंग्रजी भाषांतराच्या १९८४ च्या आवृत्तीत चिन्ह एकविसाव्या ओवीअखेर मिटले होते. २०११ च्या आवृत्तीत ते पंधराव्या ओवीअखेर मिटले. देवाने जगावर केलेल्या प्रीतीविषयीची सुप्रसिद्ध सोळावी ओवी नेमकी या दोहोंच्या मध्ये येते. ती प्रभूच्या मुखातली की शुभवर्तमानकाराच्या चिंतनातली? दोन्ही आवृत्त्यांनी दुसरे मतही तळटीपेत नोंदविले, हा त्यांचा प्रामाणिकपणा होय. ओवी पवित्र शास्त्राचीच राहते. तिचा वक्ता कोण, एवढाच प्रश्न उरतो.

म्हणून घरी अभ्यास घेताना मुलांना नियमाबरोबर त्याचे कारणही सांगावे. ‘म्हणाला’नंतर स्वल्पविराम द्यावा. मग दुहेरी चिन्ह उघडून बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. त्याचा प्रश्न किंवा पूर्णविराम आत ठेवून चिन्ह मिटावे. मध्येच ‘तो म्हणाला’ आले, तर तेथे चिन्ह मिटून पुन्हा उघडावे. ‘की’ घालून केवळ आशय सांगायचा असेल, तर चिन्ह नको. मराठीत ‘तो म्हणाला की मी येतो’ असे लिहिताना ‘मी’ तसाच राहतो. म्हणून शब्द त्याचे की सांगणाऱ्याचे, याची साक्ष चिन्हच देते.

दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत आणि त्याचे शब्द आपले म्हणून मिरवू नयेत, हा धडा मुलांना आपण एरवीही देतोच. अवतरणचिन्ह तोच धडा वहीच्या ओळीत देते. उघडलेले चिन्ह मिटले आहे का, एवढे विचारायला मात्र आईवडिलांनी विसरू नये.