‘गंगा’ विमानाचा सेवाकाल आणि 1971 ची हवाई मार्गबंदी : एक चिकित्सा

प्रस्तावना :
राजे, लढाया व तह यांना इतिहासलेखनात जे स्थान मिळते, ते दैनंदिन वापरातील यंत्रांना सहसा मिळत नाही. तथापि, एखादे साधे प्रवासी विमानही दोन राष्ट्रांच्या संबंधांत निर्णायक ठरू शकते. इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या विमानाची सेवा, त्याचा शेवट व परिणाम यांचा आढावा घेऊन, त्याच्या वयावरून काढल्या जाणाऱ्या एका अनुमानाची चिकित्सा केली आहे.

विमान व त्याची सेवा :
1953 मध्ये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण होऊन देशांतर्गत सेवेसाठी इंडियन एअरलाइन्स महामंडळ स्थापन झाले. त्याच्या ताफ्यात प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धकाळातील डाकोटा विमाने होती. 1957 मध्ये व्हायकाउंट आणि 1961 मध्ये डच बनावटीची फॉकर एफ-27 फ्रेंडशिप ही टर्बोप्रॉप विमाने, म्हणजे टर्बाइनच्या शक्तीवर पंखे फिरविणारी विमाने, दाखल झाली. फॉकरला रोल्स-रॉइस डार्ट जातीची दोन इंजिने व सुमारे 40 आसने होती. लहान धावपट्टीवरही ते उतरू शकत असे. या मालिकेतील व्हीटी-डीएमए या नोंदणीचे विमान म्हणजे ‘गंगा’.

अपहरण व शेवट :
30 जानेवारी 1971 रोजी श्रीनगरहून जम्मूकडे निघालेले हे विमान हाशिम कुरेशी व अशरफ कुरेशी या दोन तरुणांनी लाहोरला नेले. त्यांच्याजवळील पिस्तूल व हातबॉम्ब खोटे होते, हे नंतर उघड झाले. भारतातील कैद्यांच्या सुटकेची त्यांची मागणी होती. झुल्फिकार अली भुट्टो यांनी विमानतळावर त्यांची भेट घेतली. प्रवासी व कर्मचारी सुखरूप परतले. मात्र फेब्रुवारीच्या आरंभी विमान जाळण्यात आले. हवाई अपहरणाविरुद्धचा हेग करार होऊन तेव्हा जेमतेम सहा आठवडे लोटले होते.

मार्गबंदी व न्यायालयीन वाद :
4 फेब्रुवारी 1971 रोजी भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास बंदी केली. कराची-ढाका हे सुमारे 2,300 किलोमीटरचे अंतर श्रीलंकेच्या वळशाने दुपटीहून अधिक झाले. 25 मार्चला पूर्व पाकिस्तानात लष्करी कारवाई सुरू झाली, तेव्हा सैन्य व रसद याच लांबच्या मार्गाने न्यावी लागली.
पाकिस्तानने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिषदेकडे दाद मागितली. परिषदेस अधिकारच नाही, हा भारताचा आक्षेप परिषदेने फेटाळल्यावर भारत हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. तेथे मुंबईचे विधिज्ञ नानी पालखीवाला यांनी भारताची बाजू मांडली. 18 ऑगस्ट 1972 रोजी न्यायालयाने 14 विरुद्ध 2 मतांनी परिषदेचा अधिकार मान्य केला. भारत हरला, परंतु तोवर बांगलादेश अस्तित्वात आला होता. अखेर 1976 मध्ये उभय देशांच्या समझोत्याने विमानोड्डाणे पुन्हा सुरू झाली.

वयाच्या पुराव्याची चिकित्सा :
पाकिस्तानच्या चौकशी आयोगाने एप्रिल 1971 मध्ये हे अपहरण भारतानेच घडविल्याचा निष्कर्ष काढला. पुढे काही निवृत्त भारतीय अधिकाऱ्यांच्या लेखनातही तसा दावा आला; हाशिम कुरेशी यांनी तो नाकारला. जुने, सेवेतून काढलेले विमान मुद्दाम पुन्हा उडविले, हा या दाव्याचा एक आधार होय.
परंतु केवळ वय हा पुरावा ठरत नाही. दहा वर्षे हे प्रवासी विमानाचे म्हातारपण नव्हे. याच जातीची विमाने जगभर त्याहून कितीतरी अधिक काळ उडाली. दुसरे असे की, मार्गबंदीचा लाभ भारताला झाला एवढ्यावरून ती आधीच योजली होती, असे सिद्ध होत नाही. घटनेचा परिणाम आणि कर्त्याचा हेतू यांची गल्लत इतिहासाच्या अभ्यासकाने टाळली पाहिजे.

समारोप :
‘गंगा’ची सुमारे दहा वर्षांची सेवा विस्मृतीत गेली आणि शेवटचे काही दिवस तेवढे उरले. संशयाला निमित्त आहे, म्हणून त्याला निष्कर्षाचा दर्जा देता येत नाही. एप्रिल 2025 मध्ये उभय देशांनी एकमेकांच्या विमानांना पुन्हा आकाश बंद केले. अशा काळात 1971 चा दाखला वारंवार दिला जाईल. तो देताना सिद्ध काय आणि तर्क काय, हे वेगळे सांगण्याची जबाबदारी अध्यापकांवर अधिक आहे.