सापडत नसलेली हार्ड डिस्क

नव्या लॅपटॉपवर जुनी विंडोज एक्सपी बसवू पाहणाऱ्यांना २००७च्या सुमारास एक चमत्कारिक अनुभव येई. सीडी फिरे, निळा पडदा येई आणि संदेश मिळे : या संगणकात हार्ड डिस्क सापडली नाही! डिस्क तर जागेवरच असे. मग भानगड काय?

आपण सनावळी पाहू. एक्सपी आली ऑक्टोबर २००१मध्ये. डिस्कशी देवघेव करण्याची एएचसीआय ही रीत ठरली २००४मध्ये. जी भाषा अजून जन्मायची होती, ती एक्सपीला कुठून येणार? २००७च्या व्हिस्टाला ती येत होती. पण अनेकांचे जुने प्रोग्रॅम आणि प्रिंटर व्हिस्टावर चालेनात, म्हणून ही उलटी वाट.

एक्सपीत तशी एक सोय होती. सुरुवातीलाच एफ६ ही कळ दाबायची आणि दुभाष्या, म्हणजे ड्रायव्हर, पुरवायचा. तोही फ्लॉपीवरून! गंमत आम्हाला वाटते ती इथेच, कारण नव्या लॅपटॉपना फ्लॉपीची खाचच नसे.

जाणकार मग ड्रायव्हर आधीच मिसळून नवी सीडी तयार करत. किंवा बायॉसमध्ये शिरून डिस्कला जुन्या आयडीई रीतीने वागायला लावत. हे सोपे खरे. पण पुढे कोणी तिथली निवड पुन्हा एएचसीआयवर नेली, की ड्रायव्हरअभावी एक्सपी सुरू होता होताच कोसळे. शिवाय ही निवड काही लॅपटॉपांत दिलेलीच नसे.