जठरावांचून जेवण

वैद्यकाच्या इतिहासांत विजयाचे दिवस ठळक अक्षरांत नोंदलेले असतात. विजयानंतरच्या दिवसांची नोंद मात्र क्वचित् सांपडते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, टांके निघाले, रोगी घरीं गेला, एवढें सांगून ग्रंथकाराची लेखणी विसांवते. रोग्याची खरी परीक्षा तेथूनच सुरू होते. कारण घरीं गेल्यावर त्याच्यापुढें ताट वाढलें जातें. जठराच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. रोग कापून काढण्याची विद्या साधल्यानंतर, उरलेल्या पोटानें जेवावें कसें ही विद्या हस्तगत होण्यास अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला. आणि ही दुसरी विद्या पहिलीहून कमी मोलाची नाहीं, हें या लेखांत दाखवावयाचें आहे.

जठराचा रोगग्रस्त भाग काढण्याचा पहिला प्रयत्न पॅरिसमध्यें पेआन यानें सन १८७९ मध्यें केला, व दुसरा पुढच्याच वर्षीं रिडिगिअर या पोलिश शस्त्रवैद्यानें केला. दोघांचेहि रोगी थोड्याच दिवसांत दगावले. असें असतां ता. २९ जानेवारी १८८१ रोजीं व्हिएन्ना येथें थिओडोर बिलरोट यानें तेंच धाडस पुन्हां केलें. बिलरोट हा तेथील विद्यापीठांत शस्त्रवैद्यकाचा अध्यापक होता. संगीताचा तो मोठा मर्मज्ञ असून ब्राम्स या थोर संगीतकाराचा जिवलग स्नेही होता. रोगी होती तेरेझे हेलर नांवाची ४३ वर्षांची स्त्री, आठ मुलांची आई. जठराचें आंतड्याकडील द्वार कर्करोगानें जवळजवळ बुजलें होतें. खाल्लेलें अन्न उलटून पडे, आणि उपासमारीनें ती अगदीं क्षीण झाली होती. सुमारें दीड तासांत बिलरोटनें रोगट भाग काढला आणि उरलेलें जठर आंतड्याच्या आरंभास शिवून जोडलें.

यानंतरची हकीकत बिलरोटनें व्हिएन्नांतील एका वैद्यकीय साप्ताहिकाच्या संपादकास लिहिलेल्या पत्रांत नमूद केली आहे. पहिल्या दिवशीं तोंडावाटें केवळ बर्फ. मग तासातासानें, व पुढें अर्ध्या अर्ध्या तासानें, एक एक चमचा आंबट दूध. शस्त्रवैद्यकाच्या या महापराक्रमाची सारी मदार शेवटीं एका चमच्यावर येऊन ठेपली होती! बाई घरीं गेली. परंतु रोग आधींच इतरत्र पसरलेला असल्यामुळें त्याच वर्षीं मे महिन्यांत ती मरण पावली. तथापि जठराचा मोठा भाग नसतांहि माणूस खाऊं शकतो, हें तिनें जगास दाखवून दिलें.

पुढचें पाऊल झूरिच येथें पडलें. सप्टेंबर १८९७ मध्यें कार्ल श्लाटर यानें ५६ वर्षांच्या एका स्त्रीचें संपूर्ण जठर काढून अन्ननलिका थेट आंतड्यास जोडली. ती सुमारें चौदा महिने जगली, आणि तिचा अंतहि मूळ रोगाच्या प्रसारानेंच झाला. जठरावांचून मनुष्य जगतो हें ऐकून त्या काळीं सुशिक्षित जग चकित झालें. आपल्याकडे तर जठर म्हणजे साक्षात् अग्नीचें स्थान. जठराग्नि विझल्यावर अन्न पचावें कसें, असा प्रश्न कोणासहि पडेल. त्याचें उत्तर असें कीं, पचनाचें पुष्कळसें काम आंतडें व स्वादुपिंड यांच्या रसांनीं होतें. जठर गेल्यावर माणसास जाणवते ती अग्नीपेक्षां कोठाराची उणीव. पोटभर जेवण सांठवून ठेवावें, तें घुसळून पातळ करावें आणि द्वार किंचित् उघडून थोडें थोडें पुढें सोडावें, हें जठराचें नित्याचें काम. कोठारहि गेलें आणि द्वारपालहि गेला, म्हणजे सगळा माल एकदम आंतड्याच्या अंगणांत येऊन पडतो.

या अवस्थेचीं लक्षणें विलक्षण असतात. जेवून उठतां उठतांच छातींत धडधड होते, घाम फुटतो, पोटांत पीळ पडतो, घेरी येते, जुलाब होतो. आडवें झाल्यावांचून गत्यंतर नसतें. अन्न जठरांतून फार वेगानें निसटणें आणि हा त्रास यांचा संबंध इंग्लंडमध्यें आर्थर हर्ट्झ यानें १९१३ मध्यें दाखविला, आणि १९२२ मध्यें अमेरिकेंतील मिक्स या वैद्यानें या विकारास ‘डंपिंग’ हें नांव दिलें. गाडींतील माल एकदम ओतून द्यावा, तसा हा प्रकार. गोड व दाट द्रव आंतड्यांत अकस्मात् उतरला कीं तो रक्तांतील पाणी आपल्याकडे ओढून घेतो. आंतडें फुगतें आणि हृदयास धांवपळ करावी लागते. साखर रक्तांत झपाट्यानें शिरते, तिला आवरण्यासाठीं शरीर वाजवीहून अधिक इन्सुलिन सोडतें, आणि एक ते तीन तासांनीं साखर नको तितकी उतरून हातपाय थरथरूं लागतात. म्हणजे अशक्त माणसाला शक्ति यावी म्हणून मायेनें दिलेला साखरेचा शिरा किंवा सरबताचा पेलाच त्याला अंथरुणास खिळवितो.

दुसरें दुखणें जळजळीचें. अन्ननलिका व आंतडें यांमधील द्वार नाहींसें झाल्यामुळें पित्त वर चढतें आणि घास गिळणेंहि नकोसें होतें. लोझानच्या सेझार रू यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आंतडें इंग्रजी ‘वाय्’ अक्षराच्या आकारांत जोडण्याची रीत रूढ केली होती. पुढें तिचा उपयोग पित्तास अन्ननलिकेपासून दूर ठेवण्यासाठीं होऊं लागला. तिसरें संकट कांहीं वर्षांनीं येतें, तें पांडुरोगाचें. बोस्टनच्या विल्यम कॅसल यानें १९२९ च्या सुमारास केलेले प्रयोग वाचून किळस व आदर एकदमच वाटतात. त्यानें स्वतः मांस खाऊन, तें थोडा वेळ आपल्या जठरांत राहूं देऊन, पुन्हां बाहेर काढलें व नळीनें पांडुरोग्यांच्या पोटांत घातलें. त्यांचें रक्त सुधारूं लागलें. निरोगी जठर कांहीं एक द्रव्य निर्माण करतें आणि त्यावांचून अन्नांतील रक्तवर्धक सत्त्व अंगीं लागत नाहीं, हें यावरून सिद्ध झालें. तें सत्त्व, म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ मध्यें शुद्ध स्वरूपांत हातीं आलें. यकृतांत त्याचा कांहीं वर्षांचा सांठा असल्यानें उणीव उशिरां उघडकीस येते. म्हणून संपूर्ण जठर गेलेल्या माणसास तें जन्मभर, बहुधा टोंचून, द्यावें लागतें.

या साऱ्या अनुभवांतून जे नियम निघाले ते दिसावयास अगदीं साधे आहेत. दोन मोठ्या जेवणांऐवजीं सहा लहान खाणीं. प्रत्येक घास सावकाश चावणें. पाणी जेवतांना न पितां अर्ध्या तासाच्या अंतरानें पिणें. गोड कमी, आणि डाळ, अंडें, दहीं यांसारखे पदार्थ अधिक. भोंवळ येत असेल तर जेवणानंतर थोडें पडणें, व पित्त वर येत असेल तर उशाखालीं उंची देऊन निजणें. यांतील कोणता नियम कोणास कितपत मानवतो, हें ज्याचें त्यानें वैद्याच्या सल्ल्यानें ठरवावें लागतें.

मुंबईंत परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय ता. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें, तेव्हांपासून महाराष्ट्रांतील असंख्य कुटुंबांस कर्करोगाच्या चिकित्सेचा मार्ग खुला झाला. परंतु रुग्णालयांतून परतलेला माणूस आपल्या घरच्या पंक्तीला बसतो, आणि ही पंक्ति आग्रहाची असते. आपल्या संस्कृतींत न खाणें हा वाढणाराचा अवमान समजला जातो. चार घासांनंतर हात आखडणाऱ्या रोग्यास ‘मन घट्ट करा, थोडें आणखी घ्या’ असें सांगणारांच्या हेतूविषयीं शंका नको. पण त्याला पुढच्या अर्ध्या घटकेचें भय ठाऊक असतें, त्यांना नसतें. दुखण्याच्या भीतीनें खाणें टाळणारा दिवसेंदिवस खंगतो. शस्त्रक्रियेनंतर वजन घटण्याचें एक मोठें कारण हेंच, कीं अन्न पुरेसें पोटांत जातच नाहीं. अशा वेळीं त्याला हवा असतो तो दर दोन-तीन तासांनीं, न कंटाळतां, वाटीभर अन्न घेऊन येणारा माणूस. बिलरोटच्या नांवानें ती शस्त्रक्रिया आजहि ओळखली जाते. व्हिएन्नांत अर्ध्या अर्ध्या तासानें चमचा पुढें करणाऱ्या हातांचें नांव मात्र कोठें नोंदलेलें नाहीं. शस्त्रवैद्यानें वांचविलेल्या आयुष्याला अशाच हातांनीं दिवसामागून दिवस जोडले.