ओलिअरीबाईंची गाय

शिकागोतले पहिले तीन दिवस आमची झोप बेळगावच्याच घड्याळावर चालली. पहाटे तीनला डोळे टक्क उघडे! उजाडलं की मिशिगन अॅव्हेन्यूवर फिरायला निघायचं. तिथला चुनखडीच्या दगडाचा पाण्याचा मनोरा १८७१च्या आगीतून वाचलेला. त्या आगीत सुमारे ३०० माणसं गेली, लाखभर बेघर झाली. आग लागली ती दूध विकणाऱ्या आयरिश कॅथरीन ओलिअरीच्या गोठ्यापाशी, एवढंच खरं. पण गावभर झालं, हिच्या गाईनं कंदील लाथाडला! चौकशीत कारण सिद्ध झालंच नाही, तरी बोल तिच्याच माथी. परक्या मुलखातून आलेली गरीब बाई, तिचं ऐकणार कोण? १८९५मध्ये ती वारली. नगरपरिषदेनं तिला निर्दोष ठरवलं १९९७मध्ये.